कोणी कोणाला उचलायचं

लेइसेरे माझी सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. आमच्या बेटावरच्या मालावे गावात ती पाववाली. तेलाचं पिंप आडवं ठेवून, त्याच्याभोवती दगडमाती लिंपून तिने भट्टी केलेली आहे, आणि रविवार सोडला तर रोज सकाळी निम्मं गाव तिच्या दारात पावासाठी उभं असतं. शिक्षण सहावीपर्यंत. नवरा लवकर गेला. चारचौघांत बोलायची वेळ आली की ती मान खाली घालून नखांतलं पीठ काढत बसायची. हे सगळं मुद्दाम सांगते आहे, कारण आता लांबलांबच्या बेटांवरून लोक तिला बोलवायला होडी पाठवतात, आणि त्यांना वाटतं की ही बाई जन्मतःच अशी धीट असणार.

ज्या गोष्टीने ती बदलली ती बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे.

तिची सासू म्हातारी होती, गुडघे गेलेले. आत्याकडे पंधरा दिवस आणि मोठा दीर काल्फाऊ याच्याकडे पंधरा दिवस अशी ती राहायची. दोन घरांच्या मध्ये तिची स्वतःची जुनी झोपडी होती. अदलाबदलीच्या दिवशी ती तिथे जाऊन आपल्या चटया, कपडे आवरायची आणि मग कोणीतरी तिला पुढच्या घरी न्यायचं. मोठं वादळ आलं तो नेमका अदलाबदलीचा दिवस होता. रेडिओवर इशारा आला, आभाळ काळवंडलं, आणि सगळं गाव मुलंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन टेकडीवरच्या शाळेत धावलं. शाळेच्या दोन खोल्यांत दोनशे माणसं. पाऊल ठेवायला जागा नव्हती, कोण कुठे आहे काही दिसत नव्हतं. वारा असा होता की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उतरला तेव्हा काल्फाऊ गर्दीतून वाट काढत आत्याकडे आला आणि म्हणाला, "आईला बाहेर आण आता, पाय मोकळे होतील तिचे."

आत्या म्हणाली, "तुमच्याकडे आहेत ना त्या?"

म्हातारी झोपडीत सापडली. छपराचं आढं तिच्यावर कोसळलं होतं. ती भिंतीला टेकून बसलेली होती आणि गाठोडं बांधून मांडीवर घेतलेलं होतं. कोणीतरी न्यायला येईल म्हणून ती तयार होऊन बसली होती.

गावाने कोणालाच दोष दिला नाही. अशा वादळात काय काय होतं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. काल्फाऊने आईला मूठमाती दिली, शंभराव्या दिवसाचं जेवण घातलं, आणि त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. आमच्याकडे बाईने मोठ्या दिराशी कामापुरतं बोलायचं असतं, त्यामुळे आत्यानेही काढला नाही. नऊ वर्षं दोघं एका वाटेवरून गेले-आले आणि ते गाठोडं दोघांच्याही डोळ्यांपुढून हललं नाही. आत्याचं मला ठाऊक होतं. काल्फाऊचं नंतर कळलं.

मग एके वर्षी राजधानीहून, पोर्ट व्हिलाहून, सरकारी कचेरीची तीन माणसं आली. वादळाची तयारी कशी करायची याचं दोन दिवसांचं शिबिर त्यांनी नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या सभाघरात घेतलं. एक समिती नेमली. काल्फाऊ तिचा अध्यक्ष झाला, कारण तो उंच, आवाज खणखणीत, आणि होड्या बांधणाऱ्यांचा पुढारी. समितीला केशरी जाकिटं मिळाली, दोन हेल्मेटं, एक कर्णा आणि एक स्ट्रेचर. आत्याकडे पाव आणि गवती चहा द्यायचं काम आलं.

ती दारात बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतल्या बाईंनी विचारलं, "टेकडी स्वतःच्या पायांनी चढू न शकणारे गावात किती जण आहेत?"

काल्फाऊ म्हणाला, "चार-पाच असतील."

बाईंनी पाच लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुपारी शाळा सुटल्यावर आत्या माझ्या वर्गात आली. मी इथल्या शाळेत शिकवते. ती पहिलीच्या बाकावर कशीबशी मावली आणि म्हणाली, "पाच नाहीत गं. मी चहा गाळता गाळता मोजले. नऊ झाले, आणि वरच्या आळीतली घरं राहिलीच आहेत."

"मग तिथेच सांगायचं ना."

"सगळ्या पुरुषांच्या समोर? मला नाही जमत. तू मला एक वही दे."

मी तिला शाळेची वही दिली. मला वाटलं ती नऊ नावं लिहील आणि समितीकडे देईल.

तिने घरोघर जायला सुरुवात केली. सकाळचे पाव संपले की डोक्याला फडकं बांधायचं आणि वही काखेत मारून निघायचं. सुरुवातीचे काही दिवस मीही बरोबर गेले. बुबू मारीवोता यांच्याकडचा संवाद मला जसाच्या तसा आठवतो. आजोबा असो की आजी, आम्ही बुबूच म्हणतो. मारीवोता गावातले सगळ्यांत म्हातारे, एकेकाळी होड्या कोरणारे, आणि जिभेला धार.

आत्या म्हणाली, "बुबू, वादळ आलं तर टेकडीवर कसे जाल?"

"चालत."

"गेल्या रविवारी चर्चला कसे गेलात?"

"गेलो नाही. पाद्री फार लांबण लावतो."

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

बुबूंनी माश्या हाकलल्या. "पाऊस होता."

"पाऊस नव्हता, बुबू. त्या दिवशी तर माझे कपडे वाळले."

"तू पाव विकायला आलीस की माझी झडती घ्यायला?"

आत्या तिथेच बसून राहिली. बसून राहण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. थोड्या वेळाने बुबूच म्हणाले, "मला उचलायचंच असेल तर डुकरासारखं काठीला टांगून नेऊ नका म्हणावं."

"कोणी उचललेलं चालेल तुम्हाला?"

"विली जवळ राहतो. पण त्याच्या तोंडाला संध्याकाळी काव्हा ढोसल्याचा वास येतो."

"मग त्याच्या बायकोला लिहू?"

"तिला लिही. विलीपेक्षा तिच्यातच जोर जास्त आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त विलीला सांगू नकोस."

सगळीकडे असं हसतखेळत झालं नाही. एका घरात मुलगी अंगावर आली. "माझ्या आईला तू आत्ताच पांगळी ठरवतेस का? वाईट वेळ बोलावून आणतेस आमच्यावर?" दुसऱ्या घरी पोटुशी सून होती. ती टेकडी चढू शकते का असं विचारल्यावर तिच्या सासऱ्याने आत्याला अंगणाबाहेर काढलं. पण महिन्याभरात वहीत चौदा नावं आली. प्रत्येक नावापुढे उचलणाऱ्या दोघांची नावं होती, आणि त्या दोघांना आत्याने स्वतः विचारलेलं होतं. "हो, मी नेईन" एवढं ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचंच नाव लिहायचं, असा तिचा हट्ट.

वही चीफपर्यंत, म्हणजे गावप्रमुखापर्यंत पोचली. त्यांनी नाकामालमध्ये बैठक बोलावली आणि आत्याला आत येऊन बसायला सांगितलं. ती खांबाच्या आडोशाला बसली.

काल्फाऊ केशरी जाकीट घालून आला होता. तो म्हणाला, "चीफ, शहरातल्या लोकांना कागद लागतो. ते शेजाऱ्याला ओळखत नाहीत. आमच्या गावात माणूस माणसाला विसरत नाही. त्यासाठी वही कशाला?"

त्याच्या बोलण्यात काय आहे ते प्रत्येकाच्या ध्यानात आलं, फक्त त्याच्या स्वतःच्या उशिरा आलं. त्याचा हात जाकिटाच्या चेनवर होता तो तसाच राहिला.

आत्या इतक्या हळू बोलली की मागच्यांनी माना पुढे केल्या. "आपण विसरलो होतो, भावजी. तुम्ही आणि मी. आपण काही वाईट माणसं नव्हतो."

काल्फाऊ उठला आणि बाहेर गेला. चीफने वही उघडून नावं वाचली. मग ते म्हणाले, "शनिवारी करून बघू. वादळ आलंय असं धरायचं आणि सगळ्यांना वर न्यायचं."

त्या शनिवारची आठवण काढली की गाव अजून हसतं. शंख फुंकला तेव्हा उचलणाऱ्यांतले सहा जण मासे धरायला पाण्यात गेलेले होते. स्ट्रेचर चांगलं लांबरुंद, पण डुकरांच्या कुंपणातून जी अरुंद वाट जाते तिच्यात ते अडकलं, आणि त्यावर झोपलेली बाई ओरडायला लागली की मला खाली उतरवा, मी रांगत जाते. टेकडीच्या वळणावर पावसाने माती निसरडी झाली होती. बायकोला मागे सारून विली स्वतःच पुढे झाला होता; तिथे तो आणि त्याचा भाऊ बुबू मारीवोतांना घेऊन घसरले. तिघं चिखलातून बसल्या बसल्या खाली आले. आम्ही घाबरून धावलो तर बुबू हसत होते. "पुन्हा एकदा," ते म्हणाले, "पण ह्या वेळी विली खाली आणि मी वर."

चौदापैकी पाच जण वर पोचले. लोक आपापल्या कामाला लागले. एक जण जाता जाता म्हणाला, "लेइसेरे, वादळाला सांग जरा दमाने ये."

मला वाटलं आता ती सोडून देणार. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर ती पीठ मळत होती. म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं? सगळं फसलं."

"आज फसलं म्हणून बरं झालं. दोन नावं पुरत नाहीत. तीन हवीत, आणि तिसरी बाई हवी, कारण बाया समुद्रावर जात नाहीत. आणि ते स्ट्रेचर समितीलाच लखलाभ होवो."

स्ट्रेचरचा प्रश्न बुबू मारीवोतांनी सोडवला. खोबऱ्याची पोती आम्ही पाठीवर घेऊन चढतो, तशी पाठीवर बांधायची बांबूची बैठक त्यांनी करून घेतली. स्वतः चटईवर बसून दोन तरुणांकडून बांबू तासून घेतले आणि दोघांना इतक्या शिव्या दिल्या की तिसरा शिकायला आला नाही. अशा पाच बैठका झाल्या. एका माणसाच्या पाठीवर दुसरा माणूस आरामात बसायचा, आणि अरुंद वाटेतूनही निघायचा.

निसरड्या वळणावर काय करायचं हे मात्र कोणाला सुचत नव्हतं. दोन आठवड्यांनी एका सकाळी मी शाळेत जायला निघाले तर वळणावर दगडाच्या सात पायऱ्या बसवलेल्या. आठवीसाठी काल्फाऊ पहारीने खड्डा खणत होता. एकटाच. अंगात जाकीट नव्हतं. मी म्हटलं, "काका, छान झालंय." तो म्हणाला, "मुलांच्या चपला फाटतात इथे." मी आत्याला सांगितलं. ती नुसती हं म्हणाली, पण त्या दिवसापासून पायऱ्यांवर काम करणाऱ्यासाठी म्हणून चार गरम पाव ती माझ्याजवळ द्यायला लागली. एकूण एकतीस पायऱ्या झाल्या.

मग तिने आणखी एक गोष्ट ठरवली, आणि ती लोकांना सगळ्यांत विचित्र वाटली. वर शाळेत पोचल्यावर सगळ्या गावाची हजेरी घ्यायची, पोरांची घेतो तशी. आणि ज्याचं नाव त्यानेच उत्तर द्यायचं. नवऱ्याने बायकोसाठी नाही, भावाने भावासाठी नाही. तान्ह्या मुलांची आई उत्तर देईल, तेही मूल उचलून दाखवून.

चीफ म्हणाले, "मी पण ओ देऊ? माझी बायको शेजारीच बसलेली असेल ना."

"तुम्ही पण, चीफ."

"आणि नाही दिली तर?"

"तर तुम्हाला शोधायला माणसं पाठवीन," आत्या म्हणाली. तोवर ती चीफशी असं बोलायला लागली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

वर्षातून दोनदा सराव व्हायचा. दुसऱ्या वर्षी लोक कंटाळले, निम्मेच आले. तेव्हा आत्याने त्या दिवशीचे पाव खाली न भाजता वरच शाळेच्या मागे भाजले. गरम पावाचा वास खाली आल्यावर उरलेले निम्मे आपोआप चढले. बाकीची तयारी म्हाताऱ्यांना पहिल्यापासून माहीत होती, फक्त कोणी विचारत नव्हतं. वाऱ्याच्या आधी कसाव्याचे शेंडे छाटायचे, म्हणजे झाड मुळासकट उपटत नाही आणि कंद जमिनीत राहतात. केळीची पानं उतरवायची. छपरावर नारळाच्या हिरव्या झावळ्या बांधायच्या. हे सगळं मी मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या भिंतीवर लावलं. शेजारी समुद्राचा नकाशा, चौकोन आखलेला. रेडिओवाले वादळ कुठल्या चौकोनात आहे ते सांगतात, आणि दुकानदार त्यात खडूने ठिपका करतो.

तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात ते ठिपके आमच्याकडे यायला लागले.

पहिल्या दिवशी निळा इशारा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा. काल्फाऊ कर्णा घेऊन सगळ्या आळ्यांतून फिरला. "कसावा छाटा. पाणी भरून ठेवा. ज्यांच्या नावावर माणूस उचलायचा आहे त्यांनी लांब जाऊ नका." कोणी समुद्रावर गेलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी सुद्धा कोयते घेऊन मळ्यांत शेंडे छाटले. वारा अजून नव्हता, नुसता कोंदट उकाडा, आणि लाटा लांब अंतराने येऊन किनाऱ्यावर जड आपटत होत्या.

दुपारी एकच्या सुमाराला लाल इशारा झाला आणि शंख वाजला.

वहीत तेव्हा सोळा नावं होती. सोळाही निघाली. पहिल्या वर्षी आत्यावर ओरडलेल्या त्या मुलीने आपल्या आईला स्वतः पाठीवर घेतलं होतं आणि वळणाच्या पायऱ्यांवर ती थांबलीसुद्धा नाही. बुबू मारीवोता विलीच्या बायकोच्या पाठीवर बसून वर आले, मागे विली त्यांची चटई घेऊन. दारातच बुबूंनी सांगून टाकलं, "घोडा चांगला आहे. घोड्याचा नवरा मागे पडला."

साडेतीनला पाऊस आडवा यायला लागला होता. चीफने दार लावायच्या आधी हजेरी घ्यायला सांगितली. मी टेबलावर चढून नावं वाचत होते, आत्या वहीत खुणा करत होती. दोनशे अकरा नावं. लोक पटापट उत्तर देत होते. चीफने ओ दिली तेव्हा मुलं हसली.

"काल्फाऊ."

त्याची बायको म्हणाली, "ते होड्या दोराने बांधून ठेवतायत. येतीलच आता."

मागून कोणीतरी म्हणालं, "आला तो. मी त्याला पायऱ्यांपाशी पाहिला."

"कधी?"

"मघाशी. माझ्या मागेच होता."

मी आत्याकडे पाहिलं. तिने खूण केली नव्हती. ती म्हणाली, "आवाज ऐकला का कोणी त्यांचा? इथे, ह्या खोलीत?"

चीफ म्हणाले, "लेइसेरे, तो काही लहान नाही. समितीचा अध्यक्ष आहे. बाकीची नावं घे, तोवर येईल."

"घ्या तुम्ही बाकीची," आत्या म्हणाली आणि वही माझ्या हातात दिली. तिने कोपऱ्यातली बांबूची बैठक उचलली. विली आणि त्याचा भाऊ उठले. काल्फाऊच्या बायकोचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. ते तिघं दारातून गेले आणि पावसात दिसेनासे झाले.

मी उरलेली नावं वाचली. सगळ्यांनी उत्तरं दिली. मग आम्ही दाराकडे बघत बसलो. खोलीत एवढी मुलं, पण एकही रडत नव्हतं.

पुढचं विलीने सांगितलेलं. किनाऱ्यावर पाणी होड्यांच्या छपरीपर्यंत आलं होतं. शेवटची होडी वर ओढताना ओंडक्यांवरून घसरली आणि काल्फाऊचा घोटा तिच्या कडेखाली सापडला. तो ओरडत होता, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता, असं तो म्हणतो. लाटा कमरेपर्यंत येऊन जात होत्या. विली आणि त्याच्या भावाने ओंडका घालून होडी उचकटली. आत्याने त्याला काखेत धरून मागे ओढलं. मोठ्या दिराला हात लावायचा नसतो आमच्याकडे. तिच्या ते लक्षातही आलं नाही, आणि नंतर आठवण करून दिली तेव्हा ती लाजली.

ते परतले तेव्हा विली पुढे वाकलेला, पाठीवर काल्फाऊ, आणि दोन्ही बाजूंनी दोघं धरून. तीन पुरुष आतून धावले. दार लावलं, आडवा ओंडका टाकला. काल्फाऊ भिंतीशी पडून होता, ओठ पांढरे. त्याची बायको त्याचे केस पुसत होती.

मी वही उघडली आणि म्हटलं, "काल्फाऊ."

"आहे," तो म्हणाला.

मी खूण केली. बुबू मारीवोता कोपऱ्यातून म्हणाले, "ती माझी बैठक आहे. चिखल धुऊन परत द्या."

हसू फुटलं तसं लोक हसतच राहिले, बायका डोळे पुसत हसल्या. त्यानंतर वाऱ्याने बोलायला जागा ठेवली नाही.

सकाळी खाली उतरलो तेव्हा एकतीस घरं पडलेली होती. चर्चचे पत्रे लांब मळ्यात जाऊन पडले होते. फणस आणि नारळ मोडून आडवे. पण चीफने पुन्हा हजेरी घ्यायला लावली आणि दोनशे अकरा आवाज आले. छाटलेल्या कसाव्याचे बुंधे ओळीत उभे होते, खाली कंद शाबूत. चौथ्या दिवशी बायकांनी किसलेला कसावा पानांत गुंडाळून गरम दगडांवर भाजला आणि सगळ्या गावाने एकत्र बसून खाल्ला. मदतीची बोट अकराव्या दिवशी आली. तोवर कोणी उपाशी राहिलं नव्हतं.

त्याच दिवसांतली एक दुपार. काल्फाऊ पायाला फळ्या बांधून शाळेच्या ओट्यावर बसला होता. आत्या पिण्याचं पाणी वाटत तिथवर आली. मी आत वर्ग झाडत होते, त्यामुळे ऐकलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी मी आईच्या दारावरून गेलो होतो."

आत्या थांबली.

"दार लोटलेलं होतं. मला वाटलं, तू नेलंस तिला. एक हाक मारली असती तर. मारली नाही. घाई होती."

मग आत्याने पाण्याची बादली खाली ठेवली. "मला वाटलं होतं एकदा जाऊन बघावं. पण भट्टीत पाव होते, ते काढून कोरडे बांधून घेतले. तेवढ्यात पाऊस आला. म्हटलं, भावजींनी नेलं असेल."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे बोललात."

"बारा वर्षं झाली," तो म्हणाला.

ती ओट्यावर बसली, त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी झाडू हातात धरून तशीच उभी होते. काही वेळाने तिने त्याला ओंजळभर पाणी प्यायला दिलं, बादली उचलली आणि पुढे गेली. त्या दिवशी तिने मला काही सांगितलं नाही, पण ती अंगणात गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

घोटा पुरता बरा झाला नाही. काल्फाऊ आता काठी घेऊन चालतो आणि वहीत त्याचं नाव सतरावं आहे. ते त्याने स्वतः लिहिलं. चीफने आत्याला अध्यक्ष व्हायला सांगितलं तेव्हा ती नाही म्हणाली, "भावजींचा आवाज मोठा आहे, कर्णा त्यांच्याकडेच राहू दे." जाकीट मात्र त्याने तिला दिलं. ते तिला गुडघ्यापर्यंत येतं.

ह्या वर्षी ती आणि काल्फाऊ मिळून एका मोठ्या कामाच्या मागे लागले आहेत. समुद्र दरवर्षी पुढे सरकतोय. किनाऱ्यालगतची पाच घरं पुढच्या वादळात टिकायची नाहीत, हे सगळ्यांना दिसतं, पण वरची जमीन विलीच्या कुळाची. मालकी द्यायची की नुसती राहायची परवानगी, यावरून आठ महिने बोलणी चालली. दोनदा मोडली. एकदा तर विलीच्या चुलत्याने नाकामालमधून उठून घरी जाऊन जेवून परत येऊन भांडण पुढे सुरू केलं. शेवटी विलीच्या बायकोने आपल्या माणसांना बसवून विचारलं की तुमच्या बारशाला, लग्नाला, मयताला ही पाच घरं आली नव्हती का. त्यानंतर चटया आणि एक डुक्कर देऊन जमीन ठरली.

गेल्या आठवड्यात पहिल्या दोन घरांचे खांब उभे राहिले. आता सगळी माणसं मळ्यात आहेत, कोनफळं काढायची वेळ झाली आहे. कोनफळं घरात आली की तिसऱ्या घराचे खड्डे खणायला घेतील.